मशीनचं कर्ज करून देणारा माणूस कोणाचा?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं एका फायनान्स कंपनीत नोकरीला होता. मागच्या दिवाळीनंतर त्याने नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या छोट्या कारखानदारांना तो मशीन, टेम्पो, जनरेटर, कॉम्प्रेसर अशा गोष्टींसाठी कर्ज करून देतो. ग्राहकाकडून एक रुपयाही घेत नाही, असं अभिमानाने सांगतो. मग त्याला पैसे देतं कोण? शहरात जागोजागी बँका असताना कारखानदाराला मधला माणूस लागतोच कशाला? आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘शेवटी दलालीच ना!’ म्हणून नाक मुरडतात, त्यांना मी काय सांगू?
– एक वाचक भगिनी, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. पैसे बँक देते, किंवा ज्या फायनान्स कंपनीने कर्ज दिलं ती कंपनी देते. तुमच्या भावासारख्या माणसाला या व्यवसायात डीएसए म्हणतात, म्हणजे बँकेने करार करून नेमलेला प्रतिनिधी. तो बँकेचा पगारी नोकर नसतो. त्याने आणलेल्या फाइलवर कर्ज मंजूर होऊन रक्कम प्रत्यक्ष सुटली, की त्या रकमेवर ठरलेली टक्केवारी त्याला मिळते. या लाइनीत तिला ‘पेआउट’ म्हणतात. समजा ४० लाखांचं मशीन लोन झालं आणि दर एक टक्का ठरला असेल, तर त्याचे ४० हजार झाले. त्यातून २ टक्के टीडीएस कापला जातो. एकट्याच्या नावावर काम करणाऱ्या एजंटच्या कमिशनवरचा जीएसटी २०१८ पासून बँकच परस्पर भरते. फाइल नामंजूर झाली, तर सगळी धावपळ वाया जाते आणि पेट्रोलचा खर्चही स्वतःच्याच खिशातून जातो.

म्हणजे भाऊ खोटं बोलत नाही. पण एवढ्यावर समाधान मानू नका. कारखानदाराला वाटतं, हा आपला माणूस आहे. करारात तो बँकेचा माणूस असतो. या कामातलं जे चांगलं आहे आणि जे वाईट आहे, ते दोन्ही याच जागी सुरू होतं. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी याच धाग्याने देतो.

बँका असताना मधला माणूस कशाला?

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि या शहराची चाल बदलली. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारे आले, त्यांना आणखी छोटे भाग पुरवणारे आले, आणि त्यांचं जॉबवर्क करणारी शेडं उभी राहिली. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक यांसारख्या कंपन्या याच पट्ट्यात वाढल्या. २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडा आली. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधून शेंद्रा-बिडकीनची ऑरिक नगरी उभी राहिली आणि २०१९ मध्ये तिचं लोकार्पण झालं. आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे प्रकल्प बिडकीनकडे येत आहेत. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या मागे छोट्या शेडांची रांग लागते आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाला कधी ना कधी नवं मशीन घ्यावं लागतं.

मोठ्या कंपनीचा स्वतःचा फायनान्स विभाग असतो. बँकेचे अधिकारीच तिच्याकडे येतात. तुमच्या भावाचा ग्राहक तो नव्हे. त्याचा ग्राहक भाड्याच्या शेडमध्ये चार मशीन चालवतो. आयटीआय करून किंवा इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकून त्याने आधी दुसऱ्याच्या कारखान्यात हात तयार केला आणि मग स्वतःचं काम काढलं. ड्रॉइंग पाहून तो मायक्रॉनची गोष्ट करतो, पण स्वतःचा ताळेबंद त्याने कधी नीट वाचलेला नसतो. सीएने सांगितलं तिथे सही केली, एवढंच. त्याला वरच्या कंपनीकडून नवा पार्ट मिळाला, महिन्याचं शेड्यूल आलं, की मशीन लवकर हवं असतं. तो शेड सोडून बँकांच्या फेऱ्या मारू लागला, तर हातातलं काम अडतं.

आणि बँका सगळ्या सारख्या नसतात. कोणी भाड्याच्या शेडला कर्ज देत नाही. कोणी जुन्या मशीनला हात लावत नाही. कोणाला तीन वर्षांचे ताळेबंद हवे असतात, तर कोणी जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट पाहून निर्णय घेतं. एका ठिकाणी छापखान्याचं मशीन म्हटलं की फाइल बाजूला पडते, दुसऱ्या ठिकाणी तेच मशीन लगेच चालतं. हे शाखेच्या फलकावर लिहिलेलं नसतं. कोणती फाइल कोणत्या टेबलावर न्यायची, ही जाण हेच मध्यस्थाचं भांडवल. त्याचं काम सकाळी वाळूजच्या शेडमध्ये, दुपारी अदालत रोड किंवा जालना रोडवरच्या शाखेत आणि संध्याकाळी ग्राहकाच्या सीएकडे चालतं.

ही जाण नसलेला एजंट काय करतो? एकच फाइल एकदम पाच ठिकाणी लॉगिन करतो. प्रत्येक ठिकाणी सिबिल, म्हणजे पतगुणांक, तपासलं जातं आणि त्या चौकशीची नोंद राहते. थोड्या दिवसांत पाच चौकश्या दिसल्या, की सहावा अधिकारी साशंक होतो. ग्राहकाचं काहीही चुकलेलं नसताना त्याची पत घसरते. फाइल आधी वाचायची आणि मग एका, फार तर दोन ठिकाणी टाकायची, ही चांगल्या माणसाची पहिली खूण.

पन्नास लाखांच्या मशीनला किती पैसे लागतात?

आता एक फाइल उघडून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

कारखानदाराला व्हीएमसी, म्हणजे धातू कापून आकार देणारं संगणकीय मशीन, घ्यायचं आहे. कोटेशनवर किंमत ५० लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९ लाख, एकूण ५९ लाख. तो म्हणतो, ‘बँक ८० टक्के देते, म्हणजे माझे १० लाख लागतील.’ पुष्कळ ठिकाणी बँक हे ८० टक्के जीएसटी सोडून मूळ किमतीवर धरते. म्हणजे कर्ज ४० लाख. मार्जिनचे १० लाख आणि जीएसटीचे ९ लाख मिळून १९ लाख त्याला स्वतःचे घालावे लागतात. जीएसटीचे ९ लाख पुढे इनपुट क्रेडिटमधून वळते होतात, पण जसजशी विक्री होईल तसतसे. तोवर ते पैसे अडकून राहतात. शिवाय फाउंडेशन, स्टॅबिलायझर, क्रेनचं भाडं, वाहतूक, टूलिंग आणि फिक्‍श्चर हे कोटेशनच्या बाहेरच असतं.

हा १९ लाखांचा आकडा पहिल्या भेटीत कागदावर लिहून दाखवणारा माणूस हवा. तो लपवला गेला, की कारखानदार खेळत्या भांडवलाला, म्हणजे सीसी लिमिटला हात घालतो. मशीन तर येतं, पण कच्चा माल घ्यायला पैसे उरत नाहीत.

या टप्प्यावर एक वाईट सल्लाही कानावर येतो : ‘कोटेशन वाढवून घेऊ, मार्जिन त्यातच बसवू.’ म्हणजे ५० लाखांच्या मशीनचं ६२ लाखांचं कोटेशन काढायचं आणि बँकेकडून जवळजवळ पूर्ण किंमत उचलायची. ही सरळ फसवणूक आहे. बिल खोटं, जीएसटी खोटा, मशीनचं मूल्यही खोटं. प्रकरण उघडं पडलं, तर कागदावर सही कारखानदाराची असते. असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

कागदपत्रांची यादी ठरलेली आहे : उद्यम नोंदणी, पॅन, जागेची कागदपत्रं, ताळेबंद आणि आयकर विवरणं, जीएसटी रिटर्न, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, चालू कर्जांचा तपशील, मशीनचं कोटेशन आणि हातातल्या ऑर्डरी. जागा एमआयडीसीची असेल तर ती मालकीची नसते, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. ती तारण द्यायची झाली तर एमआयडीसीची संमती लागते. हे आधी माहीत नसलं, तर फाइल आठवडेच्या आठवडे अडून बसते.

मग बँकेचा अधिकारी शेडवर येतो. त्याची नजर कुठे फिरते, ते मध्यस्थाला ठाऊक असतं. तो महावितरणची बिलं मागतो, कारण मशीन किती चालली ते विजेच्या युनिटांवरून कळतं. जुन्या मशीनवर दुसऱ्या बँकेच्या नजरगहाणाची पट्टी आहे का, ते पाहतो. तयार मालाच्या क्रेटवरची चिठ्ठी वाचतो आणि माल कोणाला जातो ते विचारतो. ऑपरेटरला सहज विचारतो, ‘पाळ्या किती चालतात?’ मालकाने तीन सांगितल्या आणि ऑपरेटरने एक, तर फाइल तिथेच संपते. चांगला मध्यस्थ मालकाला उत्तरं पढवत नाही. तो आधीच येऊन या सगळ्या गोष्टी पाहतो आणि त्यात काही कच्चं असेल तर अधिकाऱ्याला आपणहून सांगतो. दोन महिने काम थंड होतं, अमुक कंपनीचं शेड्यूल घटलं होतं, आता पूर्ववत आहे, हे बघा पत्र. लपवलेल्या गोष्टीपेक्षा सांगितलेली गोष्ट बँकेला पचते.

तारणाचा प्रश्न उरतो. लहान उद्योजकाकडे गहाण ठेवायला घरापलीकडे काही नसतं. त्यासाठी २००० साली सीजीटीएमएसई हा हमी न्यास उभा राहिला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या विनातारण कर्जाला तो हमी देतो, आणि एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा १० कोटींपर्यंत गेली आहे. पण ही हमी बँकेसाठी आहे. कर्जदाराचं देणं त्याने माफ होत नाही. ‘सरकारी हमी आहे, काळजी करू नका’ असं कोणी म्हणत असेल, तर तो अर्धीच गोष्ट सांगतो आहे.

हप्त्याचा हिशेब

सगळ्यात मोठी फसगत व्याजाच्या आकड्यात होते. एक कंपनी म्हणते ‘आठ टक्के’, दुसरी म्हणते ‘साडेदहा’. माणूस आठकडे वळतो. पण आठ हा फ्लॅट दर असेल आणि साडेदहा हा घटत्या शिलकेवरचा, तर चित्र उलटं होतं.

४० लाख, पाच वर्षं, फ्लॅट ८ टक्के. वर्षाला ३ लाख २० हजार, पाच वर्षांचं व्याज १६ लाख, एकूण फेड ५६ लाख. हप्ता सुमारे ९३,३३३ रुपये. तेच ४० लाख घटत्या शिलकेवर साडेदहा टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे ८५,९७६ रुपये आणि एकूण व्याज ११ लाख ५९ हजारांच्या आसपास. म्हणजे स्वस्त वाटलेलं कर्ज सुमारे ४ लाख ४१ हजारांनी महाग पडलं. फ्लॅट ८ टक्के हा खरं तर घटत्या शिलकेवरचा १४ टक्क्यांहून थोडा जास्तच दर होतो. फ्लॅट दरात फेडून टाकलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागत राहतं, हे त्याचं कारण.

रिझर्व्ह बँकेने यावर चांगला उपाय केला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि एमएसएमई मुदतकर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात प्रोसेसिंग फी, विमा वगैरे धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. दोन कर्जांची तुलना फक्त या एका आकड्यावर करावी. त्या पत्रकात नसलेला खर्च कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

दुसरा नियम ताजा आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, बदलत्या व्याजदराच्या व्यवसाय-कर्जांवर व्यक्तींना आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना मुदतीआधी फेडल्याचा दंड व्यापारी बँकांना आणि मोठ्या फायनान्स कंपन्यांना लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जाला हे संरक्षण नाही. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला. ज्यांचं कर्ज बदलत्या दराचं होतं त्यांनाच त्याचा लाभ मिळाला. म्हणून दर स्थिर की बदलता, हा प्रश्न सही करण्याआधी विचारावा.

पण याहूनही महत्त्वाचा हिशेब शेडमध्ये बसून करायचा असतो. समजा या व्हीएमसीला जॉबवर्कचा दर तासाला ४०० रुपये मिळतो. महिन्याचे २५ दिवस, दोन पाळ्या, म्हणजे ४०० तास. सेटिंग, देखभाल, वीज जाणं, माल न येणं हे वजा जाता ७० टक्के तास कामाचे धरू : २८० तास, १ लाख १२ हजार रुपये. त्यातून ८५,९७६ चा हप्ता गेला, उरले सुमारे २६ हजार. त्यात दोन पाळ्यांच्या दोन ऑपरेटरांचा पगार, वीज, टूल्स, कूलंट, शेडचं भाडं. ते बसणं शक्य नाही. हे मशीन स्वतःचा हप्ता स्वतः फेडू शकत नाही. तो मालकाच्या जुन्या मशीनांच्या कमाईतून जाणार.

शिवाय हप्त्याची तारीख ठरलेली आणि पार्टीच्या पेमेंटची बेभरवशाची. २००६ चा एमएसएमई कायदा सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला फार तर ४५ दिवसांत पैसे द्या, असं सांगतो. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीवरचा जॉबवर्कवाला वरच्याला नोटीस द्यायला धजत नाही, कारण पुढचं काम त्याच्याचकडून यायचं असतं. एक हप्ता बाउन्स झाला, की दंड, सिबिलवर डाग आणि पुढच्या फाइलला अडथळा.

अशा वेळी मध्यस्थाने काय करावं? सांगावं, ‘आत्ता घेऊ नका. आधी तासाचा दर वाढवून घ्या, किंवा कंपनीकडून वर्षभराच्या कामाचं पत्र आणा, किंवा लहान मशीन पाहा, किंवा चांगल्या स्थितीतलं जुनं मशीन घ्या.’ हे बोलताना त्याच्या ४० हजारांवर पाणी पडतं. माझ्या मते या व्यवसायातल्या माणसाची पारख इथेच होते.

पेआउटचा पेच

पेच असा आहे. एक बँक एजंटला एक टक्का देते, दुसरी कंपनी दोन टक्के. ४० लाखांवर ४० हजार आणि ८० हजार. जिचं कर्ज महाग, ती बहुतेकदा पेआउटही जास्त देऊ शकते. ग्राहकाला स्वस्त कर्ज मिळवून देणं आणि स्वतःची कमाई वाढवणं, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. कर्जाला चिकटवलेल्या विम्याचंही तसंच. काही करारांत ग्राहकाने थोड्याच महिन्यांत कर्ज फेडलं तर दिलेलं कमिशन परत वसूल होतं. मग एजंट ग्राहकाला लवकर फेडण्याचा सल्ला कशाला देईल?

हा पेच आपल्याकडच्या कर्जांपुरताच नाही. ब्रिटनमध्ये गाडीविक्रेते ग्राहकाला कर्ज मिळवून देत आणि व्याजदर जितका चढा लावतील तितकं जास्त कमिशन त्यांना मिळे. तिथल्या वित्तीय नियामकाने जानेवारी २०२१ मध्ये अशा कमिशनवर बंदी घातली. १ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. गाडीविक्रेता हा ग्राहकाचा विश्वस्त मानता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण एका ग्राहकाच्या प्रकरणात विक्रेत्याला मिळालेलं कमिशन कर्जावरच्या एकूण व्याज-शुल्काच्या ५५ टक्के निघालं आणि ते ग्राहकाला नीट सांगितलेलं नव्हतं. तो व्यवहार न्यायालयाने अन्याय्य ठरवला.

जाधववाडीच्या बाजार समितीतला अनुभवही हेच शिकवतो. अडत कोणी द्यायची, यावर आपल्या राज्यात किती वाद झाला! माल शेतकऱ्याचा, विकून देणारा अडत्या आणि अडतही शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जाई. २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. अडतीचा आकडा निदान पट्टीवर दिसत तरी होता. कर्जाच्या मध्यस्थाचा आकडा ग्राहकाला कुठेच दिसत नाही. की फॅक्ट स्टेटमेंटमध्येही एजंटच्या पेआउटचा रकाना नाही. आणि बँक जे देते, ते शेवटी व्याजातूनच वसूल होतं. म्हणून ‘ग्राहकाकडून एक रुपयाही घेत नाही’ हे भावाचं वाक्य खरं असलं तरी पुरेसं नाही.

ॲपवरून मिळणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये एक नियम केला : मध्यस्थ अनेक संस्थांशी जोडलेला असेल, तर ग्राहकाला लागू होणारे सगळे प्रस्ताव कोणाकडेही न झुकता समोर ठेवायचे. शेडवर जाऊन काम करणाऱ्यानेही हीच रीत पाळायला काय हरकत आहे?

दीडशे मर्सिडीजचा धडा

आपल्या शहराने या विषयात एक धडा देशाला दिला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक, व्यापारी, डॉक्टर अशा दीडशे जणांनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. देशभर चर्चा झाली ती गाड्यांच्या थाटाची. मला त्यातलं कर्ज जास्त मोलाचं वाटतं. स्टेट बँकेने या गटाला ४० कोटींहून अधिक कर्ज ७ टक्क्यांनी दिलं, आणि तेव्हाच्या मानाने हा दर कमी होता. एकट्याने शाखेत जाणाऱ्याला मिळाली नसती ती सवलत दीडशे जणांच्या एकीने मिळवली. त्यांनी विक्रेत्यापुढे आणि बँकेपुढे आपली बाजू स्वतः मांडली.

मशीनच्या बाबतीत हे का होऊ नये? वाळूजमध्ये दहा-बारा जणांना एकाच वर्षात सारखीच मशीन लागतात. सीएमआयए आणि मासिआ यांसारख्या संघटना इथे आहेत. औद्योगिक प्रदर्शनांत मशीन बनवणारे आणि बँका एकाच छताखाली बसतात. चांगला मध्यस्थ दहा फाइली एकत्र करून एका बँकेपुढे ठेवू शकतो आणि पाव टक्का, अर्धा टक्का कमी करून घेऊ शकतो. ४० लाखांच्या कर्जावर अर्धा टक्काही छोट्या शेडसाठी थोडा नाही. असं काम करणाऱ्याला मिळणारा पेआउट घामाचा आहे, असंच मी म्हणेन.

घरच्यांना आणि भावाला

घरच्यांना सांगा, या कामात लाजण्यासारखं काही नाही. ज्याच्याकडे कौशल्य आहे पण कागद नाहीत, त्याला बँकेच्या भाषेत उभं करणं हे उपयोगाचं काम आहे. या शहरातली कितीतरी शेडं अशाच एखाद्या पहिल्या मशीन लोनवर उभी राहिली आहेत.

भावाला मात्र चार गोष्टी आवर्जून सांगा. विमा किंवा म्युच्युअल फंड विकायला परीक्षा आणि नोंदणी लागते. या कामाला तशी स्वतंत्र परीक्षा नाही, बँकेचा करार पुरतो. त्यामुळे नियम स्वतःच स्वतःला घालून घ्यावे लागतात. पहिली गोष्ट, आपण कोणकोणत्या बँकांचे एजंट आहोत आणि या फाइलवर कोण किती देणार, हे लिहून ग्राहकाला द्यावं. दुसरी, एकापेक्षा जास्त प्रस्ताव एपीआरसह समोर ठेवावेत. स्वतःचा लाभ ज्यात कमी, तोही. तिसरी, ‘फाइल चार्ज’ म्हणून आगाऊ रोख कधी घेऊ नये, कारण ठकही तेच मागतात. चौथी, ज्या मशीनचा हप्ता मशीनच्या कमाईतून निघत नाही, त्याची फाइल लॉगिन करू नये.

एजंटने गैर केलं तरी बँकेची जबाबदारी संपत नाही, हेही ग्राहकांना माहीत असू द्या. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे शुल्क लागत नाही.

आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, पैठण रोडवरच्या कारखानदार वाचकांना माझी विनंती आहे. कर्ज करून देणारा माणूस पुढच्या वेळी समोर बसला, की व्याजाचा दर विचारण्याआधी त्याला विचारा, ‘यात तुम्हाला किती मिळणार?’ सरळ माणूस सरळ आकडा सांगेल. जो टाळाटाळ करेल, त्याच्या हातात फाइल देऊ नका.